मागचं विचारायचं इंग्लिश

—नाय नाय मॅडम, तीन महिन्यांचा कोर्स घेऊन मी काय करू? त्या सगळ्या कॉलेजच्या पोरी, त्यांच्यात मी एवढी मोठी बाई जाऊन बसले तर हसतील — नाय हसनार बोलता तुमी, पन हसतील, मी पन हसले असते. मला ते ‘माय नेम इज’ नको. ‘हाऊ आर यू’ पन नको. मला एकच शिकवा, झालेलं कसं विचारायचं. मागचं. काल तू गेली होतीस का, तू जेवलीस का, तू असं असं बोललीस का — तेवढंच. एका दुपारचं काम हाय. ती बाहेर बाकड्यावर बसलीय ना, पिवळ्या ड्रेसवाली, ती माझ्याबरोबरच हाय, राहू दे तिला तिथंच. सून माझी. कयल. पूर्न नाव कयलविळी, म्हनजे मासोळीसारखे डोळे असलेली, लग्नात तिच्या मामानं सांगितलं होतं. तमिळ हाय, कोइमतूरकडची. मराठी नाय समजत तिला, बिनधास्त बोला. मी बोलले मार्केट, शॉपिंग, कम — आली बिचारी. आता उलव्यावरनं एवढं नेरूळला का आले विचारताय? उलव्यात पन क्लास हाएत ओ, पन तिथं मला सगळी वळखतात. मालतीबाई इंग्लिश शिकायला लागली, ही बातमी संध्याकाळच्या आत धनेशच्या कानावर. धनेश म्हनजे माझा मुलगा. हिचा नवरा.

तुमी बोलाल, मुलगा हाय ना घरात, त्याला सांगायचं, तो विचारंल. तोच तर विचारतो सगळं. लहान होता तवापासनं माझं तोंड म्हनजे धनेश. आमचे हे गेले, मंग प्लॉटच्या कामाला सिडकोच्या हापिसात, बँकेत, वकिलाकडं — सहावीतलं पोर, हाफ पँटमधी, साहेबासमोर उभं राहून फाडफाड इंग्लिश, आन मी मागं उभी, सही करायला. इंग्लिश मीडियमला घातला तो ह्यासाठीच. मी चौथीत सुटले ना, आन तवा इंग्लिश पाचवीपासनं असायचं, म्हनजे दारापर्यंत जाऊन परत आल्यासारखं झालं माझं. मोबाईल? मोबाईलला विचारून बघितलं. तो बाईच्या आवाजात असा मोठ्यानं बोलतो, अख्ख्या घराला कळतं, आन धनेशनंच घेऊन दिलाय, त्यात मी काय काय बोलले ते त्याला सगळं दिसतं. नको ते. …हिंदी? तिला हिंदी येत नाय, ऑफिसात तिचं सगळं इंग्लिश. माझी हिंदी म्हनजे भाजीवाल्यापुरती. तरी आमच्या दोघींचं चालतं. कम, ईट, हॉट, बस. मी बोलते ‘फिश’, ती बोलते ‘सुपर’. मला ‘आय’ बोलते, आमच्या आगऱ्यांत आईला आय बोलतात, धनेशचं ऐकून ती पन तेच बोलायला लागली. पन बघा मॅडम, हे मला आत्ता आत्ता ध्यानात आलं — आमच्यात जे शब्द हाएत ते सगळे आत्ताचे. समोरचे. काल काय झालं, परवा काय झालं, हे आमच्या दोघींत नायच. मागचं सगळं धनेशच्या तोंडातनं येतं.

हां, लिहा फळ्यावर. डिड. डिड यू ईट. जेवलीस का. डिड पयलं? अगदी पयलं? आमच्यात ‘का’ शेवटी येतो ना — मानूस बोलत जातं, तू गेलीस, तू खाल्लंस, आन शेवटी धीर झाला तर ‘का’ लावायचा. नाय झाला तर तिथंच सोडून द्यायचं, कोनाला कळत पन नाय की विचारायचं होतं. तुमच्यात तसं नाय. तोंड उघडलं की आधी डिड, समोरचा लगेच सावध. अवघड हाय ओ. बरं, डिड यू ईट. डिड यू स्लीप. डिड यू… गेलीस का, डिड यू वेन्ट — नाय? चुकलं? गेली म्हनजे वेन्ट ना, आमच्या बिल्डिंगमधली पोरं बोलतात. …अच्छा. डिडनं मागचं घेतलं म्हनून पुढचा शब्द होता तसाच. समजलं. आमी मिठागरात पाटी न्यायचो तवा असंच असायचं, एकीच्या डोईवर वझं दिलं की बरोबरची मोकळी चालनार. डिडच्या डोक्यावर मागचं वझं, गो मोकळा. डिड यू गो. बेस. बघा, येतंय मला.

कुठला प्रश्न विचारायचाय बोलता? …सांगते. पन तुमच्यातच ठेवा. मला तिला विचारायचंय — मी तुला कधी मारलं का?

असं बघू नका मॅडम. मी नाय मारलं! तेच तर. कधी हात उगारला नाय मी तिच्यावर, देवाशप्पथ. त्याच लाजेनं तर हितपर्यंत आले. झालं काय, गेल्या सोमवारी सकाळी ही माझ्या दारात उभी. आमची दारं समोरासमोर हाएत, इकडं मी, तिकडं ती दोघं. मला वाटलं नारळ फोडून घ्यायला आली असंल, तिला फोडता येत नाय, दोन वर्सं झाली तरी. बघते तर ओठ सुजलेला, आन हा गाल लालभडक. मी बोलले — हे माझं इंग्लिश बघा हां — ‘यू फॉल?’ हातानं असं घसरून पन दाखवलं. ती बघत राहिली माझ्याकडं. मंग बोलली, ‘येस आय. फॉल.’ तेवढ्यात धनेश मागनं आला, बोलला, आय, बाथरूममधी घसरली, साबन होता खाली. बरोबरच ना. मी तर त्याच्या आधीच बोलले होते. बर्फ लावला, हळद लावली. मंग दोनेक दिवसांनी बघते, मी हाक मारते आन ही वळत नाय. ह्या बाजूनं मारली तर वळते, डाव्या बाजूनं नायच. मोबाईल पन उजव्या कानाला धरायला लागली — आधी डाव्याला धरायची, उजव्या हातानं कामाचं लिहीत असते ना ती, मी रोज बघते. बाथरूममधी पडून कानाला कसं लागतं? …लागतं ओ. लागत असंल. नळाचा कोपरा लागला असंल.

डॉक्टरकडं जायला धनेश तयार नव्हता, बोलला, होतं बरं आपोआप. मीच हट्ट केला, मीच गाडीत जाऊन बसले. डॉक्टरीन तरुनच होती, तुमच्याएवढी. बॅटरी लावून कानात बघितलं, जाम वेळ बघितलं. मंग धनेशला बोलली जरा बाहेर बसा. तो उठला नाय, हसून कायतरी बोलला आन बसूनच राहिला. तिनं कसं झालं विचारलं असनार, कारन हा बोलला, ‘शी फेल.’ मला वाटलं आता ह्यात नापास कशाला झाली! …हां? फॉलचं मागचं फेल? पडली? बघा, मला आज समजलं. तर डॉक्टरीननं त्याच्याकडं बघितलंच नाय. खुर्ची ओढून कयलच्या समोर आली आन हळूहळू, एक एक शब्द सुटा करून विचारलं, म्हनून माझ्या ध्यानात राहिलं. डिड. ही. हिट. यू. आन कयलनं मान वर केली आन सरळ माझ्याकडं बघितलं. डॉक्टरीनकडं नाय, नवऱ्याकडं नाय. माझ्याकडं.

हिट मला कळतं मॅडम. खाली पोरं क्रिकेट खेळतात, दिवसभर तेच ओरडत असतात. आन ‘ही’ म्हनजे ही, ही बाई. समोर बसलेली. सासू. तुला ही मारते काय, असं विचारलं तिनं, माझ्या तोंडावर! आन सून माझ्याकडं बघते! मी खुर्चीतनं अर्धी उठले आन मोठ्यानं बोलले, ‘नो! नो, नो, नो!’ दोन्ही हात हलवले असे. दारातली नर्स पन वळून बघायला लागली. डॉक्टरीन माझ्याकडं बघत राहिली, अशी बघत राहिली जशी मी कोन हाय तेच तिला समजत नाय. आन धनेश हसला, बोलला, ‘सी?’ मंग कयलनं मान खाली घातली. ती अजून वर नाय केली माझ्यासमोर. जेवायला बोलावते, येते, खाते, ‘सुपर’ बोलत नाय. म्हनून मला झोप नाय ओ. मी तिच्यासाठी इडलीचं वाटायला मशीन आनलं, तिला खारं, सुकी मासळी चालत नाय म्हनून सुकटीचा वास घरात येऊ दिला नाय पयले सहा महिने, आमच्या घरात, आगऱ्याच्या घरात! आन तिकडं ती आईला फोनवर तमिळमधी काय सांगत असंल? सासू मारते? चार मान्सांत मान हाय माझा. म्हनून एकदा सरळ विचारायचंय, धनेशला मधी न घेता. त्याला मधी घेतलं तर तो तिच्यावर चिडंल, आन चिडला की — नाय, चिडत नाय तसा. लहानपनी चिडायचा. आता कामाचं टेन्शन असतं, सगळ्यांनाच असतं.

लिहा तुमी. मी तुला मारलं का. …डिड आय हिट यू. हिटचं मागचं काय होतं? हिटच? गोचं वेन्ट होतं, फॉलचं फेल होतं, आन मारल्याचं काय बदलत नाय? काल पन हिट, आज पन हिट. बरं. आन ‘आय’ म्हनजे मी? हे बेस हाय, आमच्यात आय म्हनजे आई, तुमच्यात आय म्हनजे मी, इकडनं तिकडनं मीच. विसरनार नाय. डिड आय हिट यू. डिड आय… पन डॉक्टरीन ‘आय’ नाय बोलली ना. …हां, बरोबर, ती स्वतःबद्दल कशाला विचारंल. माझ्याबद्दल विचारायचं म्हनून ती ‘ही’ बोलली. …नाय? बाईसाठी शी? असं होय, धनेश बोलला ते, शी फेल, कयल पडली. मंग सासूसाठी पन शी? कुठल्याबी बाईसाठी शी? मंग ‘ही’ कोनासाठी?

…काय बोललात? परत बोला.

तो.

‘ही’ म्हनजे तो.

नाय मॅडम, तुमची गडबड होतेय कायतरी. माझी होत असंल. डॉक्टरीनची झाली असंल, शी बोलायचं ते ही बोलली असंल, मराठीच होती ना ती, तोंडात येतं असं, ही, ही बाई… नाय? एवढी शिकलेली बाई चुकनार नाय? …नाय चुकनार. हळूहळू बोलली ती. एक एक शब्द सुटा. तिथं ‘तो’ कोन होता मंग? कंपाउंडर पन बाहेर होता. खोलीत एकच तो होता.

थांबा. थांबा जरा, बोलू नका. म्हनजे ती विचारते, ह्यानं तुला मारलं का. आन पोरगी माझ्याकडं बघते. ती मला घाबरून नव्हती बघत. ती… ती बघत होती आय काय बोलते. आन आय उठून काय बोलली? नो. नो, नो, नो. दोन हात हलवून. तिला विचारलेलं, तिनं तोंड पन उघडलं नव्हतं. आन गाडीत बसल्यावर हा मला बोलला, आय, बरं झालं तू बोललीस. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला असा. मला बरं वाटलं ओ. मला वाटलं, आईवर आळ आला तो पोराच्या मनाला लागला. मी घरी येऊन त्याला आवडतं म्हनून कोलंबी केली त्या दिवशी. त्यानं खाल्ली. तिनं पन खाल्ली, एका बाजूनं चावत.

आन ‘यू फॉल?’ ते पन मीच ना. ती माझ्या दारात आली होती, नवरा उठायच्या आत, अनवानी आली होती — हे मी तुमाला मगाशी सांगितलं नाय, पायात चप्पल नव्हती तिच्या. नारळ तिच्या हातात नव्हता. आन मी तिला विचारलं पन नाय. पडलीस. तिच्या तोंडात घातलं. ती काय बोलनार, तिनं माझं मोडकं इंग्लिश तसंच उचललं आन मला परत दिलं, फॉल. तिला फेल येत नसंल काय? ऑफिसात साहेबांशी बोलते ती.

पानी नको. नको मॅडम. माझा धनेश तसा… तसा नाय असं बोलनार होते, तोंडात आलंच होतं. किती पटकन येतं बघा. आईच्या तोंडात तयारच असतं.

बोलवा तिला आत. नाय, मीच बोलवते. कयल! ए बाय, कम. कम, सिट. मॅडम, तुमी नका बोलू, मला येतंय आता, मी विचारते. ‘ही’ नाय बोलनार मी, परत घोटाळा नको. नाव घेऊन विचारते. नाव लावलं तर चालतं ना मधी? कयल, माझ्याकडं बघ. लूक. डिड… डिड धनेश… डिड धनेश हिट यू?

…

नाय, मान खाली नको घालू. बाय माझी, बघ इकडं. मॅडम, तिला सांगा ना — मला ‘ही’ समजलं नव्हतं. मला वाटलं डॉक्टरीन माझ्याबद्दल विचारते. मी माझ्यासाठी नो बोलले, त्याच्यासाठी नाय बोलले. सांगा, सांगा लवकर. …हसली? ती हसली काय? नाय ओ, रडते. दोन्ही करतेय. हस बाय, हस, हसन्यासारखंच हाय, तुझी सासू चौथी शिकलेली, तिला ही आन शी कळत नाय. हात दे. दे गो. …काय बोलतेय ती? एवढं भराभर? मला ‘आय’ सोडून कायपन समजत नाय. तुमचा चेहरा असा का झाला मॅडम? …पयल्यांदा नाय? …लग्न झाल्यापासनं? समोरच्या दारात ओ, मी समोरच्या दारात असते, माझी टीव्ही चालू असते. …नाय, मी रडत नाय, तुमी सांगत राहा. ‘त्यानं’ नका बोलू, धनेशनं बोला. धनेशनं काय केलं ते सांगा. माझंच पोर हाय, त्याला नाव मी ठेवलं.

…बरं. बास. आता तुमी विचारा तिला, पुढचं विचारायला मी शिकले नाय. तिला विचारा, आता काय करायचं? कोइमतूरला जायचं तर मी तिकीट काढते, तिच्या आईला मी फोन लावते, शिव्या दिल्या तर खाते. माझ्याकडं राहायचं तर आज रात्रीपासनं माझ्या खोलीत, आन त्याला मी बघते. पोलिसात जायचं तर… पोलिसात जायचं तर मी येते बरोबर. हो, मीच येते. तसंच सांगा, कमी-जास्त करू नका. काय पायजे ते तिच्या तोंडानं बोलू दे.

…काय बोलली? …सांगा ना मॅडम, थांबलात का? …माझ्यासमोर नाय?

…

बरोबर हाय. मी त्याची आय हाय. नाय नाय, तिला सॉरी बोलू देऊ नका, तिचं काय चुकलं नाय, मला राग पन आला नाय. मी जाते बाहेर, त्या बाकड्यावर बसते. तिला आधी पानी द्या. आन तिच्या उजव्या बाजूला बसा मॅडम, डावीकडनं ऐकू येत नाय तिला. मला मंग नाय सांगितलंत तरी चालंल. दार लावा आतनं. नाय, असं नाय, कडी लावा.